वाचक विचारतात : राजाचं दिवाळं आणि पावाचा भाव

मागच्या अंकात मी फ्रान्समधल्या १७८९ च्या क्रांतीवर एक टिपण लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं, की राजा उधळ्या होता म्हणून क्रांती झाली हे अर्धवट उत्तर आहे, हिशेबाच्या वह्या वेगळंच सांगतात. या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. काहींत प्रश्न कमी आणि आजच्या पुढाऱ्यांवरचा राग जास्त होता. ती बाजूला ठेवली. उरलेल्यांतली काही इथे घेते. माझं शिकवणं अर्थशास्त्राचं आणि माहेर रविवार कारंज्याजवळच्या धान्याच्या दुकानाचं. त्यामुळे माझी गाडी जमाखर्चाकडे वळतेच, तेवढं चालवून घ्यावं.

प्रश्न : बाई, आमच्या पुस्तकात सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांची चैन हे क्रांतीचं पहिलं कारण दिलंय. परीक्षेत ते लिहू की तुमचं? आणि ‘पाव नसेल तर केक खा’ असं राणी खरंच म्हणाली होती का?
— अकरावीची विद्यार्थिनी, पंचवटी

परीक्षेत पुस्तकातलंच लिही, हातचे मार्क सोडू नकोस. पण वहीच्या मागच्या पानावर १७८८ सालचा हा हिशेब उतरवून ठेव. फ्रान्सच्या सरकारी तिजोरीचा त्या वर्षीचा खर्च सुमारे ६२ कोटी ९० लाख लिव्र, आणि जमा ५० कोटी ३० लाख. (लिव्र म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन; एका लिव्रचे वीस सू.) तूट झाली साडेबारा कोटींच्या वर. आता खर्चाचा रकाना वाच. राजदरबार, राणीचे पोशाख, राजाच्या भावांचे भत्ते, व्हर्सायच्या राजवाड्यातल्या मेजवान्या हे सगळं मिळून साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे शंभरातले सहा. आणि जुन्या कर्जाचं व्याज व हप्ते ३१ कोटी ८० लाख, म्हणजे निम्मा खर्च! राणीने सगळे दागिने मोडून सुती कपडे घातले असते तरी ही तूट भरली नसती.

कर्ज कशाचं, तर लढायांचं. १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धात फ्रान्स इंग्लंडकडून हरला. त्याचा सूड म्हणून १७७८ पासून अमेरिकेतल्या बंडखोरांना पैसा, जहाजं, सैन्य पुरवलं. त्या एका युद्धाचा खर्च शंभर कोटी लिव्रच्या वर गेला. तेव्हाचा अर्थमंत्री नेकेर याने नवे कर न लावता सगळं उसनवारीवर भागवलं आणि १७८१ साली राज्याचा जमाखर्च छापून लोकांपुढे ठेवला. त्यात रोजचा जमाखर्च शिल्लक दाखवणारा होता; युद्धाचा खर्च त्यात धरलेलाच नव्हता. असा ताळेबंद आमच्या दुकानात कुणी मांडला असता तर वडिलांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

त्या उसनवारीचा एक मासला सांगते, वर्गात मुलांना फार आवडायचा. सरकार आजन्म वर्षासनं विकायचं. तुम्ही एकरकमी पैसे द्यायचे, कुणाचं तरी नाव सांगायचं, आणि ती व्यक्ती जिवंत असेपर्यंत सरकारने दर वर्षी ठरलेली रक्कम द्यायची. गंमत अशी, की नाव ऐंशीच्या म्हाताऱ्याचं द्या की पाच वर्षांच्या पोरीचं, दर तोच. जिनिव्हाचे सराफ हे बघून खूश झाले. देवी येऊन गेलेल्या, धडधाकट, खात्यापित्या घरच्या लहान मुली निवडून त्यांनी तीस-तीस नावांच्या याद्या केल्या, त्या मुलींना उत्तम डॉक्टर ठेवले आणि त्यांच्या नावावर वर्षासनं घेतली. फ्रान्सची तिजोरी जिनिव्हाच्या पोरींची नाडी चांगली चाललीय म्हणून रिकामी होत होती!

तरीही नुसतं कर्ज हे कारण पुरत नाही. इंग्लंडवर तुलनेने फ्रान्सहून मोठं कर्ज होतं, आणि तिथे राजा टिकला. फरक वसुलीत होता. फ्रान्समध्ये ज्यांच्याकडे जमिनी आणि पैसा, तेच करातून सुटलेले. चर्चच्या जमिनींवर कर नाही, चर्च मनाला येईल तेवढी ‘खुशीची देणगी’ द्यायचं. ‘ताय’ नावाचा मुख्य कर सरदार-उमराव भरत नसत. १७८७ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कालॉन याने १४४ बड्या लोकांची सभा बोलावली आणि सांगितलं, की यापुढे जमीन कुणाचीही असो, कर द्यावा लागेल. बड्या लोकांनी मान हलवली, पण नकारार्थी. पुढच्या मंत्र्याला पॅरिसच्या उच्च न्यायालयाने अडवलं. नवा कर हवा तर पाद्री, उमराव आणि बाकी सगळे अशा तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची महासभा बोलवा म्हणाले. ती शेवटची भरली होती १६१४ साली. अखेर १६ ऑगस्ट १७८८ ला तिजोरीने रोखीने देणं थांबवलं. मला विचारशील तर क्रांतीची तारीख मी हीच धरेन. १४ जुलै १७८९ ला बॅस्टिलचा किल्ला पडला. सरकार त्याआधी अकरा महिने पडलं होतं.

केकचं म्हणशील तर ते राणीच्या तोंडी मागाहून घातलेलं आहे. रूसो या विचारवंताने आपल्या आत्मचरित्रात एका ‘थोर राजकन्ये’ची अशी गोष्ट लिहिली आहे, पण तो ते लिहीत होता तेव्हा मारी आंत्वानेत लहान मुलगी होती आणि व्हिएन्नाला माहेरी होती. फ्रान्समध्ये ती आली १७७० साली. लोकांनी मात्र ते तिच्याच नावावर खपवलं. राणीची बदनामी किती पुढे गेली होती ते यावरून कळतं.

प्रश्न : ताई, मी कांदा करतो. धान्याचे भाव दुप्पट झाले म्हणून फ्रान्समध्ये क्रांती झाली असं तुम्ही लिहिलंत. भाव वाढला तर शेतकऱ्याची चांदी व्हायला हवी. मग तिथला शेतकरी का पेटला?
— एक शेतकरी, लासलगाव

भाऊ, सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत जास्त आवडला. पुस्तकं वाचून प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात, पण हा प्रश्न बाजार समितीत उभं राहिलेल्या माणसालाच पडतो. म्हणून सविस्तर लिहिते.

फ्रान्समधले बहुतेक शेतकरी धान्य विकणारे नव्हतेच, वर्षाच्या शेवटी विकत घेणारे होते. कसे, ते आकडेमोडीने दाखवते. आकडे माझे, समजण्यापुरते; पण रचना तिथलीच. समजा एका छोट्या शेतकऱ्याला बऱ्या साली २० पोती गहू होतो. त्या काळी एक पोतं पेरलं की सरासरी पाचेक पोती निघत, म्हणजे ४ पोती बियाण्याला ठेवलीच पाहिजेत. चर्चचा दशमांश २ पोती. जमीनदाराचा पिकातला वाटा आणखी २. उरली १२. राजाचा कर रोख भरायचा, त्यासाठी २ पोती विकली. घरात खायला राहिली १०, आणि घराला लागतात १०. वर्ष कसंबसं पार.

आता १७८८ घ्या. त्या वर्षी १३ जुलैला उत्तर फ्रान्सवर प्रचंड गारपीट झाली, उभं पीक झोपलं. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगायला नको. समजा आपल्या शेतकऱ्याला १२ पोती मिळाली आणि भाव दुप्पट झाला. बियाणं तेवढंच लागणार, ४. दशमांश आणि जमीनदाराचा वाटा ढोबळ पिकावर, बियाणं बाजूला काढण्याआधीच मोजून नेतात. ते झाले १.२ आणि १.२. उरली साडेपाचच्या आसपास. भाव दुप्पट म्हणून कराला एकच पोतं विकलं. घरात साडेचार पोती, लागतात दहा. बाकीची साडेपाच दुप्पट भावाने विकत घ्यायची, तीही हातात पैसा नसताना. वाढलेल्या भावाचा त्याला काय उपयोग?

आणि आता त्याच हिशेबात वाटा नेणाऱ्याची बाजू बघा. दशमांश नेणाऱ्या मठाला बऱ्या साली २ पोती मिळत, यंदा १.२ मिळाली. पण भाव दुप्पट, म्हणजे किंमत झाली जुन्या भावाने २.४ पोत्यांची. दुष्काळात त्याचं उत्पन्न वाढलं! शिवाय त्याच्याकडे मोठी कोठारं. सुगीला सगळे विकतात तेव्हा तो थांबू शकतो आणि उन्हाळ्यात, भाव चढल्यावर, काढू शकतो. तुमच्याकडे ज्याची कांदाचाळ मोठी त्यालाच भाव मिळतो, तसंच काहीसं. फक्त इथे चाळीत भरलेला माल दुसऱ्याच्या शेतातून फुकट आलेला. शेतकऱ्याचा राग भावावर नव्हता, या वाट्यावर होता. म्हणून १७८९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये खेड्यांतले लोक जमीनदारांच्या वाड्यांवर चालून गेले तेव्हा त्यांनी अनेक ठिकाणी आधी काय मागितलं, तर कोणाकडून किती वाटा घ्यायचा हे ज्यात लिहिलेलं असे ती दप्तरं. ती अंगणात आणून जाळली.

वाट्याखेरीज किरकोळ जाच वेगळेच. दळण जमीनदाराच्याच गिरणीत, पाव त्याच्याच भट्टीत, द्राक्षं त्याच्याच घाण्यात, आणि प्रत्येक ठिकाणी हिस्सा द्यायचा. त्याची कबुतरं तुमच्या पेरणीवर उतरली तरी मारायची नाहीत. शिकार हा उमरावांचा हक्क. सरकारी रस्त्यांवर बिनमजुरीची वेठ वेगळी.

आर्थर यंग नावाचा एक इंग्रज शेतीतज्ज्ञ तेव्हा फ्रान्समधून फिरत होता. १२ जुलै १७८९ ला, बॅस्टिल पडायच्या दोनच दिवस आधी, चढावर घोड्याचा भार कमी करायला तो उतरून चालत होता. सोबतीला एक बाई मिळाली. वाकलेली, सुरकुतलेली, त्याला वाटलं साठ-सत्तरीची असेल. ती म्हणाली अठ्ठावीस. सात मुलं, जमिनीचा तुकडा, एक गाय, एक मरतुकडं घोडं. एवढ्यावर एका जमीनदाराला १९ किलोच्या आसपास गहू आणि तीन कोंबड्या, दुसऱ्याला त्याच मापाने चौपट ओट, एक कोंबडी आणि एक सू, आणि वर राजाचे कर. थोर माणसं आपल्यासारख्यांसाठी काहीतरी करणार आहेत म्हणे, पण कोण आणि कसं ते ठाऊक नाही, असं ती म्हणाली. मला या क्रांतीतले सगळे पुढारी आणि त्यांची भाषणं एकीकडे ठेवून ही बाई आठवते. तीन कोंबड्या इकडे, एक तिकडे, आणि गाईला चारा कुठून आणायचा?

प्रश्न : मिठावरच्या कराचं एवढं काय? मीठ असं किती लागतं?
— एक गृहिणी, सिडको

तुम्हाला लागेल तेवढं घ्यायची मुभा असती तर तुमचं म्हणणं बरोबर होतं. पण फ्रान्सच्या मध्य आणि उत्तर भागांत आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सातेक पौंड मीठ सरकारी कोठीतून घ्यायची सक्ती होती. तेही फक्त ताटातलं आणि भांड्यातलं. डुकराचं मांस खारवून हिवाळ्यासाठी ठेवायचं तर वेगळं मीठ, वेगळा दाम. ताटातलं मीठ तिकडे वापरलं तर दंड. आपल्याकडे लोणच्यासाठी वेगळं मीठ आणि आमटीसाठी वेगळं अशी पावती फाडून घ्यायला लागली असती तर किती घरांत पोलीस आले असते, विचार करा.

शिवाय दर सगळीकडे सारखा नाही. ब्रिटनी प्रांताला माफी, आणि सीमा ओलांडली की तेच मीठ वीस-पंचवीस पट महाग. त्यामुळे चोरटी ने-आण हा सीमेवरच्या गावांचा धंदाच झाला. बायका झग्याखाली मीठ न्यायच्या, शिकवलेल्या कुत्र्यांच्या पाठीला बांधूनही न्यायचे. पुरुष सापडला तर सक्तमजुरीची सजा.

ही वसुली राजा स्वतः करत नव्हता. श्रीमंत लोकांच्या एका मंडळाने मीठ, तंबाखू, जकात यांचा मक्ता घेतलेला असे. राजाला ठरलेली रक्कम आधी द्यायची आणि मग लोकांकडून जमेल तेवढं काढायचं. हवेतल्या प्राणवायूला नाव देणारा थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए हाही त्या मक्तेदारांतला एक. ८ मे १७९४ ला त्याला गिलोटीनखाली नेलं ते या मक्त्यापायी.

प्रश्न : बॅस्टिलमध्ये किती राजकैदी होते?
— एक वाचक, नाशिक रोड

एकूण कैदी सात, आणि त्यांतले चार व्यापारी हुंड्यांची खोटी कागदपत्रं करणारे. लोक तिथे गेले होते दारूगोळ्यासाठी; बंदुका सकाळीच दुसरीकडून मिळाल्या होत्या.

प्रश्न : क्रांती शेतकऱ्यांनी केली, वकिलांनी केली, की आम्हा कामगारांनी? आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात कामगारांनी असं शिकवायचे.
— सातपूर एमआयडीसीतून निवृत्त झालेले एक वाचक

पॅरिसच्या रस्त्यावर उतरले ते कारागीर, हमाल, छोटे दुकानदार आणि बाजारातल्या बायका. तेवढ्यापुरतं अभ्यासवर्गाचं खरं. त्यांचं पोट पावावर. चार पौंडाचा, म्हणजे जवळजवळ दोन किलोचा पाव एरवी आठ-नऊ सूला मिळायचा, तो १७८९ च्या फेब्रुवारीत साडेचौदा सूवर गेला. मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. एर्नेस्त लाब्रूस या फ्रेंच इतिहासकाराने या भावांचा जन्मभर अभ्यास केला. त्याच्या हिशेबाने मजुराच्या कमाईतला एरवी निम्मा भाग पावावर जायचा, तो १७८९ मध्ये शेकडा ८८ झाला. आणि हे काही एका वर्षाचं दुखणं नव्हतं. त्याआधीच्या साठेक वर्षांत वस्तूंचे भाव शेकडा ६५ वाढले, मजुरी फक्त २२. भाड्याला, सरपणाला, चपलेला उरलेल्या बारा टक्क्यांत कुठून येणार? सगळे पैसे पावावर गेल्यावर कापडं कोण घेणार? म्हणून विणकरही बसले. त्यात १७८६ च्या करारानंतर इंग्लंडचं स्वस्त कापड येऊ लागलेलं.

एप्रिलअखेर सेंट आंत्वान वस्तीत रेव्हेयाँ नावाच्या वॉलपेपर कारखानदाराबद्दल बातमी उठली, की मजुरी पंधरा सूवर आणावी असं तो म्हणतोय. तो तसं म्हणाला नव्हता, पण त्याचं घर लोकांनी फोडलं, सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसं मेली. जुलैच्या १२-१३ ला लोकांनी आधी पेटवले ते शहराभोवतीच्या नव्या भिंतीतले जकात नाके. आत येणाऱ्या प्रत्येक पोत्यावर, पिंपावर तिथे वसुली व्हायची. नाक्यावर रांगेत ट्रक लावून बसलेल्या नाशिकच्या जुन्या ड्रायव्हरांना त्या आगीचं फारसं वाईट वाटणार नाही. आणि ५ ऑक्टोबरला बाजारातल्या बायका पावसात व्हर्सायला चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजा-राणी-राजपुत्राला पॅरिसला घेऊन आल्या; आम्ही भट्टीवाला, भट्टीवाली आणि त्यांचा पोऱ्या आणलाय म्हणत.

पण अभ्यासवर्गात एक गोष्ट बहुधा राहून गेली असेल. त्याच क्रांतीच्या विधिमंडळाने १४ जून १७९१ ला कायदा करून कामगारांच्या संघटना आणि संप बंद केले. ठराव मांडणारा ल शापेलिए वकील होता. संपावरची बंदी उठली १८६४ ला, युनियनला मान्यता मिळाली १८८४ ला. सभागृहात वकील आणि सरकारी अधिकारी भरले होते, कामगार जवळजवळ नव्हताच. तुमची माणसं नसलेल्या सभागृहाने तुमच्यासाठी कायदा केला की असं होतं.

प्रश्न : डॉ. आंबेडकरांनी महाडच्या भाषणात फ्रेंच राज्यक्रांतीचा दाखला दिला होता. ती तर कराची आणि पावाची भांडणं, तिचा अस्पृश्यतेशी काय संबंध?
— एक शिक्षक, येवला

सर, वर मी पावाबद्दल इतकं लिहिलं, की तुमचा प्रश्न नसता तर अर्धी गोष्ट राहिली असती.

वकील, व्यापारी, डॉक्टर यांचं पोट भरलेलं होतं. त्यांना दारं बंद होती. १७८१ च्या एका सैनिकी आदेशाने ठरवलं, की सैन्यात थेट अधिकारी व्हायचं तर बापाकडून चार पिढ्यांची खानदानी सिद्ध करा. लायकी असो नसो, आधी वंशावळ दाखवा. त्याआधी पैसेवाल्या घरांना निदान मोठं पद विकत घेऊन काही पिढ्यांनी उमराव होता येत असे. आता ती वाटही अरुंद होत चालली. महासभा भरायची ठरली तेव्हा भांडण कशावरून झालं? तीन वर्ग वेगवेगळे बसून प्रत्येकी एक मत देणार, की सगळे एकत्र बसून माणशी एक मत? पहिल्या पद्धतीत पाद्री आणि उमराव हे मूठभर लोक दोन विरुद्ध एक असे कायमचे जिंकणार. जानेवारी १७८९ मध्ये आबे सियेस या पाद्र्याने एक पुस्तिका काढली. तिसरा वर्ग म्हणजे सगळं राष्ट्र, आजवर त्याला राज्यकारभारात काय स्थान, काहीच नाही, असा तिचा रोख. ५ मे १७८९ ला व्हर्सायला सभा सुरू झाली, तिसऱ्या वर्गाला काळे साधे कपडे नेमून दिले होते आणि उमराव जरीत. १७ जूनला त्या काळ्या कपड्यांतल्यांनी आपणच राष्ट्रसभा असं जाहीर केलं.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला नेमकं हेच धरलं. आपली परिषद व्हर्सायच्या त्या सभेसारखी आहे, त्या सभेने फ्रान्सला जो रस्ता दाखवला तोच हिंदू समाजाच्या प्रगतीसाठी या सभेने धरावा, असं ते म्हणाले. तळ्याचं पाणी पिणं एवढाच हेतू त्यांनी ठेवला नाही. जन्माने ठरणारा दर्जाच मोडायचा म्हणाले. त्याच परिषदेत माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा ठराव झाला आणि मनुस्मृतीचं दहन झालं. करमाफी आणि खानदान हे फ्रान्समध्ये एकाच झाडाचे फांटे होते, जन्म बघून सवलत. हे त्यांना पाव आणि मीठ मोजणाऱ्यांपेक्षा जास्त स्वच्छ दिसलं होतं. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, २ मार्च १९३० ला, आपल्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दार उघडलं नाही. तुमच्या येवल्याची १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा तुम्हाला मी सांगायला नको. मात्र एक नोंद ठेवा : स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच क्रांतीतून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असं त्यांनी १९५४ च्या रेडिओ भाषणात सांगितलं आहे. मोर्चात दोन्ही वाक्यं एकमेकांवर फेकली जातात. एक सभेच्या रीतीबद्दल आहे, दुसरं तत्त्वाच्या मुळाबद्दल.

प्रश्न : आपल्याकडे दुष्काळ, सावकारी, सारा, वेठ सगळं होतं. तरी इथे असा उठाव का नाही?
— एक वाचक, सिन्नर

उठाव झाला की. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर जाऊन कर्जखतं मागितली आणि जाळली. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर भर, अगदी फ्रान्समधल्या खेड्यांसारखा. कारणांची साखळीही लांबच्या युद्धापासूनच सुरू होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला भाव आला, युद्ध १८६५ ला संपताच कोसळला, पण साऱ्याची नवी आकारणी मात्र वाढीव झाली आणि सावकारांनी हात आखडला.

मग ते सरकारपर्यंत का पोहोचलं नाही? माझं मत असं : फ्रान्सच्या राजाने स्वतःच लोकांना तक्रारी लिहायला सांगितलं होतं. १७८९ च्या वसंतात गावोगाव, चर्चमध्ये, पंचविशीवरच्या करदात्या पुरुषांच्या सभा झाल्या आणि हजारो तक्रारवह्या तयार झाल्या. त्यांतल्या बहुतेकांत राजाबद्दल प्रेम आहे. पण आपल्या कबुतरांचा आणि मिठाचा जाच शेजारच्या दहा गावांनाही आहे, आणि त्यावर राजधानीत कुणीतरी बोलणार आहे, हे माणसांना प्रथमच कळलं. लिहून घ्यायचं आणि मग काही करायचं नाही, हे राज्यकर्त्याला फार महागात पडतं. सुप्याच्या शेतकऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. चौकशी आयोग आला तो दंगलीनंतर, आणि ऐकणारे साहेब होते. त्याचा राग समोर दिसणाऱ्या सावकारावर संपला. सारा वाढवणारा कलेक्टर कचेरीत सुखरूप राहिला.

प्रश्न : क्रांती झाली, मग शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? मीठ तरी स्वस्त झालं का?
— एक वाचक, ओझर

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सभागृहात उमरावांनी एकामागून एक उठून आपले हक्क सोडले. सकाळी शुद्धीवर आल्यावर कलमं लिहिली गेली तेव्हा त्यात मेख निघाली : वाटा बंद, पण त्याची किंमत मोजून. रोख देण्याच्या वीसपट, धान्याच्या वाट्याच्या पंचवीसपट रक्कम द्या आणि मोकळे व्हा. ती बाई तीन कोंबड्यांच्या पंचवीसपट कुठून आणणार होती? शेतकऱ्यांनी सरळ देणंच थांबवलं, आणि १७ जुलै १७९३ ला ते सगळं बिनभरपाईचं रद्द झालं. दशमांश गेला खरा, पण जमीनमालकांना तेवढी रक्कम खंडात वाढवायची परवानगी मिळाली, त्यामुळे कुळाचा फारसा फायदा झाला नाही. चर्चच्या जमिनी सरकारने घेऊन लिलावात काढल्या. ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांनी उचलल्या, म्हणजे शहरातले सुखवस्तू आणि गावातले मोठे शेतकरी. तरी ज्याची स्वतःची चार बिघे होती तो वाट्यातून कायमचा सुटला, आणि ही मिळकत त्याने पुढे कुणाला परत घेऊ दिली नाही.

मीठ १७९० मध्ये करमुक्त झालं. १८०६ मध्ये नेपोलियनला लढायांसाठी पैसे कमी पडले तेव्हा त्याने मिठावर पुन्हा कर बसवला, आणि तो उठायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं.